आरपार भोक: कनेटिकट नदीकाठचे चार दिवस

दिवस पहिला : लोवेल ते विंडसर

"मामा, नायगरा झाला, न्यूयॉर्क झालं. आता काय बघायचंय तुला?" भाच्याने विचारलं.

"एका भोकाचं पेटंट," मी म्हटलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बायकोकडे. पण चार दिवसांची रजा टाकून गाडी मात्र काढली.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं त्याला एक जुनी जखम कारण आहे. पुण्यात वीसेक वर्षं मी पेटंटचे मसुदे लिहीत होतो. मुख्यतः पंप, व्हॉल्व्ह, असलं काहीबाही. एकदा एका पंपाच्या क्लेममध्ये, म्हणजे पेटंटचा हक्क सांगणाऱ्या कलमात, मी लिहिलं, 'आरपार गेलेलं छिद्र'. दोन वर्षांत प्रतिस्पर्ध्याने तोच भाग बाजारात आणला. त्याचं छिद्र पलीकडच्या बाजूला मिलिमीटरभर आधीच थांबलेलं आणि मधोमध सुईएवढं टोचलेलं. आमचं गिऱ्हाईक गेलं. त्या दिवशी ऑफिसातले एक ज्येष्ठ म्हणाले, "अरे, रोलिन व्हाइटची गोष्ट वाचली असतीस तर हा शब्द जपून वापरला असतास." मी वाचली ती फार उशिरा, पण वाचली, आणि तेव्हापासून ही नदी बघायची होती.

गोष्टीचा गाभा आधी सांगून टाकतो. कोकणातल्या माणसाला ठासणीची बंदूक समजावून सांगावी लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू, वर गोळी, मग गजाने ठासणं. सॅम्युअल कोल्टचं रिव्हॉल्व्हरही ठासणीचंच होतं. फक्त एका नळीऐवजी फिरत्या सिलिंडरमधली पाच-सहा घरं एकेक करून समोरून भरायची. प्रत्येक घराची मागची बाजू बंद. तिथे बारीक भोकाची एक बोंडी असे आणि तिच्यावर ठिणगीची टोपी बसवायची. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच धातूच्या टोपणात भरलेलं काडतूस आलं तेव्हा पंचाईत झाली. ते घालायचं मागून, म्हणजे घर मागेही उघडं हवं, पुढून मागे आरपार. इतकी साधी गोष्ट. आणि अमेरिकेत त्या साध्या गोष्टीवर १८५५ ते १८६९ अशी चौदा वर्षं एका माणसाचं, याच रोलिन व्हाइटचं, पेटंट होतं.

लोवेलहून विंडसर दोनेक तासांवर. ऑक्टोबर असल्याने व्हर्मांटचे डोंगर हळद-कुंकू सांडल्यासारखे दिसत होते. गावातल्या ओढ्याच्या काठी विटांची एक लांबट इमारत आहे. रॉबिन्स अँड लॉरेन्स कंपनीने १८४६ मध्ये हा बंदुकांचा कारखाना बांधला. आज इथे अमेरिकन प्रिसिजन म्युझियम आहे. बंदुकांचं म्युझियम म्हणून आत शिराल तर निराश व्हाल, कारण खरा मान इथे यंत्रांचा आहे. मिलिंग मशिनं, लेथ, गेज. एका बंदुकीचा सुटा भाग दुसरीला बिनघासता बसावा, यासाठी केलेला सगळा खटाटोप. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात या कंपनीने सहा रायफली ठेवल्या. सुटे भाग कसेही अदलाबदल करा, बसायचे. इंग्रज चाट पडले, माणसं पाठवून त्यांनी कारखाना बघितला आणि एनफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी इथली यंत्रं नेली.

एनफील्ड म्हटल्यावर भाचा थबकला. "म्हणजे ती मंगल पांडेची?"

बंदूक त्याच नमुन्याची. आपल्याकडे काडतूस हा शब्द ज्या कागदी, चरबी लावलेल्या पुडीमुळे घरोघरी गेला, ती याच एनफील्डची. तिकडे बराकपूरला ती पुडी दातांनी फोडण्यावरून रान पेटलं ते १८५७ साल, आणि त्याच वर्षी याच नदीवर खाली स्प्रिंगफील्डला धातूच्या काडतुसाचं पहिलं अमेरिकन रिव्हॉल्व्हर विक्रीला आलं. यात कार्यकारण काही नाही, योगायोगच. पण इथे उभं असताना तो चुटपुट लावतो. रॉबिन्स अँड लॉरेन्सला मात्र एनफील्ड पचली नाही. पंचवीस हजार बंदुकांचं इंग्रजी कंत्राट घेतलं आणि १८५६ मध्ये कंपनी बुडाली.

या इमारतीत आणखी एक धागा सुरू होतो. वॉल्टर हंट नावाचा न्यूयॉर्कचा एक कल्पक, पण व्यवहारशून्य माणूस. पंधरा डॉलरचं देणं फेडायला त्याने सेफ्टी पिन शोधली आणि तिचं पेटंट चारशे डॉलरला विकून मोकळा झाला, असं सांगतात. त्याच १८४९ सालात त्याने एका आवर्ती, म्हणजे लागोपाठ झाडता येणाऱ्या, रायफलचंही पेटंट घेतलं. गोळीच्या पोकळ बुडातच दारू भरायची, अशी तिची गोळी. ते पेटंट हातोहात फिरलं. लुईस जेनिंग्जने ती सुधारली, कोर्टलँड पामर नावाच्या भांडवलदाराने हक्क विकत घेतले आणि रायफली बनवायच्या ठरल्या त्या याच कारखान्यात. होरेस स्मिथ आणि बेंजामिन टायलर हेन्री या दोघांचेही हात तिला लागले. ही नावं पुढे येतीलच.

संध्याकाळी कॉर्निश-विंडसर पूल बघितला. १८६६ चा, लाकडी, छप्पर घातलेला, नदी ओलांडून न्यू हॅम्पशायरला जाणारा. दारावर पाटी : घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. भाच्याने गाडी अगदी चालीने नेली.

दिवस दुसरा : स्प्रिंगफील्ड

सकाळी नदीच्या काठाकाठाने दक्षिणेला. वाटेत एका ठिकाणी नाश्त्याला थांबलो तिथे मी चश्मा विसरलो, म्हणून वीस मैल उलटं जावं लागलं. गाडीत भाचा काही बोलला नाही. आईचा समजूतदारपणा घेतलाय पोराने.

स्प्रिंगफील्ड आर्मरी म्हणजे सरकारी शस्त्रकारखाना, १७९४ ते १९६८. आता राष्ट्रीय स्मारक आहे. उभ्या बंदुकांची ती प्रसिद्ध चळत सगळे बघतात, तिचे फोटो काढतात. मी गेलो थॉमस ब्लँचर्डच्या लेथकडे. बंदुकीचा लाकडी दस्ता वेडावाकडा असतो, तो लेथवर कसा निघणार? ब्लँचर्डने एक नमुना दस्ता फिरवला, त्यावर एक चाक टेकवलं आणि चाकाच्या हालचालीबरहुकूम शेजारच्या लाकडावर पातं चालवलं. आज किल्लीची नक्कल काढणारा जे करतो तेच, १८१९-२० मध्ये. पेटंटची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवून घ्यायला हा गडी वॉशिंग्टनला गेला आणि आपल्या यंत्रावर खासदारांचे अर्धपुतळे कोरून दाखवले. मुदत वाढली. त्याने काँग्रेसची डोकी फिरवली, असा विनोद तेव्हा झाला म्हणतात. मराठीत तो इतका चपखल बसतो की इंग्रजीतून आलाय हे खरं वाटत नाही.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतर (१८६१-६५) इथल्याच मास्टर आर्मरर, म्हणजे मुख्य शस्त्रकारागीर, अर्स्किन अ‍ॅलिनने जुन्या ठासणीच्या बंदुकांना मागे झाकण बसवून काडतुसाच्या करून दाखवल्या. सरकारी नोकराचं पेटंट, म्हणजे रॉयल्टीची कटकट नाही, असा हिशेब. पण तशाच झाकणाचं पेटंट असलेल्या हायरम बर्डनच्या कंपनीने दावा लावला, आणि तो १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या विरोधात गेला. सरकारलाही पेटंट चुकलं नाही.

दुपारी गावातल्या इतिहास संग्रहालयात गेलो. तिथे इंडियन मोटरसायकली आहेत, इथे बनलेली रोल्स-रॉइस आहे, आणि स्मिथ अँड वेसन या पिस्तूल कंपनीचं दालन आहे. भाचा मोटरसायकलींत रमला. मी ज्याच्यासाठी सात समुद्र ओलांडले ती वस्तू पाहून क्षणभर हसूच आलं. मॉडेल नंबर वन, १८५७ चं ते पहिलं रिव्हॉल्व्हर. तळहातात मावेल एवढं. जेमतेम सव्वातीन इंचांची अष्टकोनी नळी, शिसवीसारख्या लाकडाची मूठ, चापाला कडं नाही. नळी वरच्या बाजूला बिजागरीने चौकटीला जोडलेली. खालचा खटका दाबला की नळी वर उचलली जाते, पडक्या घराच्या झडपेसारखी. मग सिलिंडर हातात काढून घ्यायचा आणि सात काडतुसं मागून घालायची. झाडून झाल्यावर रिकामी टोपणं कशी काढायची? नळीच्या पोटाशी एक आखूड दांडी आहे. सिलिंडर तिच्यावर दाबून एकेक टोपण बाहेर ढकलायचं. शेंगा सोलाव्यात तसं, सात वेळा.

आत ०.२२ इंची काडतुसं. त्यांचीही करामत बघण्यासारखी. तांब्याचं टोपण, बुडाला बाहेर आलेली पोकळ कड, त्या कडेत ठिणगीचं रसायन. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, बरोबर कडेवर आपटतो, कड चेमटते, ठिणगी पडते. दारू पेटली की टोपण फुगून घराच्या भिंतीला चिकटतं आणि धूर मागे येऊ देत नाही. हाच धातूच्या काडतुसाचा खरा गुण. पण फुगणं जास्त झालं की सिलिंडर फिरेना, म्हणून दारू कमी आणि पिस्तूल इवलंसं.

होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी हे काडतूस जमवलं, पिस्तूल आखलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आरपार सिलिंडरचं पेटंट दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. रोलिन व्हाइट, व्हर्मांटचा, कोल्टच्या कारखान्यात काम केलेला. ३ एप्रिल १८५५.

ते पेटंट मी मुक्कामी फोनवर पुन्हा उघडलं. चित्र बघून कुणालाही वाटेल की या माणसाला बंदूक कळत नव्हती. सिलिंडरच्या मागे काडतुसांची पेटी, ती आपोआप भरणारी यंत्रणा, एकूण अवजड कारभार. आज ज्याला आपण काडतूस म्हणतो त्याचा तिथे पत्ता नाही. असली बंदूक कधी बाजारात आली नाही. पण क्लेममध्ये एक वाक्य आहे : घरं सिलिंडरच्या मागच्या बाजूपर्यंत आरपार नेणं, म्हणजे मागून हाताने किंवा यंत्राने भरता येतील. बस. बाकी बंदूक भंगारात टाका, या एका वाक्याची किंमत लाखांची. माझ्यासारख्या मसुदेगिराला असं वाक्य जन्मात एकदा लिहायला मिळालं तरी पुरे.

नोव्हेंबर १८५६ मध्ये करार झाला. दर पिस्तुलामागे व्हाइटला पंचवीस सेंट. त्यातच एक कलम : पेटंटवर कुणी अतिक्रमण केलं तर खटले लढायचे ते व्हाइटने, स्वतःच्या खर्चाने. ते कलम वाचताना माझ्या पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, "मामा, हे तर आमच्या घराच्या अ‍ॅग्रीमेंटसारखं झालं. गळती आपली, भाडं त्यांचं."

खटले धो धो आले. ईथन अ‍ॅलन, मॅनहटन, मूर, पाँड, वॉर्नर, जो उठला त्याने आरपार सिलिंडरची पिस्तुलं काढली. अ‍ॅलनवरचा दावा व्हाइट १८६३ मध्ये जिंकला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला. हरलेल्यांच्या काही पिस्तुलांवर 'स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेलं' असा ठसा आहे. चोराने मालाच्या पाठीवर धन्याचं नाव कोरून द्यायचं, तसं.

पण मला जास्त आवडतात ते कोर्टात न जाता वळसा घालणारे. मूरच्या कंपनीने १८६४ च्या पेटंटवर एक रिव्हॉल्व्हर काढलं. काडतूस समोरून घालायचं. घराची मागची बाजू बंद, फक्त मध्ये एक बारीक भोक. काडतुसाच्या बुडाला बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखं बोंड, त्यात ठिणगी. बोंड भोकातून मागे डोकावतं, घोडा त्यावर बसतो. घर आरपार कुठे आहे? नाहीच! इथे मी फोन बाजूला ठेवला. माझ्या पंपवाल्याने हे वाचलं होतं की काय? प्लँटच्या पिस्तुलाचं काडतूस बुडाशी वाटीसारखं खोलगट, तेही समोरूनच. स्लोकमने तर कमाल केली. सिलिंडरची घरं बाजूने उघडली, सरकत्या नळ्या बसवल्या. काडतूस ना पुढून ना मागून, कुशीतून.

चांगले कारागीर होते हे सगळे. त्यांची बुद्धी गेली बंदूक सुधारण्यात नव्हे, एका वाक्याला बगल देण्यात. आणि प्रत्येकाचं काडतूस वेगळं. दुसऱ्याचं बसायचं नाही. व्हाइटचं पेटंट संपलं तशी ही सगळी पिलावळ नाहीशी झाली.

याची खरी झळ सैनिकांना बसली. यादवी युद्धात मोठ्या नळीचं, मागून भरायच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर अमेरिकेत स्मिथ अँड वेसनशिवाय कुणी राजरोस बनवू शकत नव्हतं. स्मिथ अँड वेसन ०.३२ च्या पुढे गेले नाहीत, आणि होतं तेवढ्याची मागणीच त्यांना पुरवेना. कोल्ट आणि रेमिंग्टन समोरून ठासत राहिले. तिकडे फ्रान्समध्ये लफोशूचं आरपार सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर १८५४ च्या पेटंटवर राजरोस विकलं जात होतं. उत्तरेच्या सरकारने ती हजारोंनी मागवली.

दिवस तिसरा : हार्टफर्ड

जेमतेम अर्धा तास. हमरस्त्यावरूनच निळा घुमट दिसतो, त्यावर सोनेरी चांदण्या आणि टोकाला उधळलेलं शिंगरू. कोल्टची आर्मरी. मूळची १८५५ ची, १८६४ मध्ये जळाली, कोल्टच्या पत्नीने, एलिझाबेथने, पुन्हा उभी केली.

कोल्ट हा स्वतः पेटंटचा बडा खेळाडू. घोडा ओढला की सिलिंडर आपोआप एक घर पुढे सरकतो आणि पक्का बसतो, हे त्याचं १८३६ चं पेटंट. मुदत १८५० ला संपायची, त्याने सात वर्षं वाढवून घेतली. १८५१ मध्ये बॉस्टनला मॅसेच्युसेट्स आर्म्स कंपनीवर दावा जिंकला. त्या कंपनीचं रिव्हॉल्व्हर होतं डॅनियल वेसनच्या थोरल्या भावाच्या, एडविनच्या, आराखड्यातून आलेलं. पेटंट म्हणजे काय चीज असते हे धाकट्या वेसनला घरातच कळलं होतं म्हणायचं. कोल्टला आणखी मुदत हवी होती. त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये इतक्या मेजवान्या झडल्या आणि पिस्तुलं भेट गेली की १८५४ मध्ये काँग्रेसला चौकशी समिती नेमावी लागली. मुदत मिळाली नाही. १८५७ ला कोल्टचं कुंपण पडलं, आणि त्याच फटीतून स्मिथ अँड वेसन बाहेर आले, हातात व्हाइटचं कुंपण घेऊन.

व्हाइटने आपली कल्पना आधी कोल्टला दाखवली आणि त्याने हाकलून दिलं, ही गोष्ट जो तो सांगतो. मला ती जरा जास्तच गोंडस वाटते.

कोल्टची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सोळाव्या वर्षी तो खलाशी होऊन बॉस्टनहून कलकत्त्याला गेला, १८३० मध्ये, कोर्व्हो नावाच्या जहाजावर. त्या सफरीत त्याने रिव्हॉल्व्हरचा लाकडी नमुना कोरला. तो इथल्या वाड्सवर्थ अथेनियमच्या संग्रहात आहे. आम्ही गेलो तो त्यांचा सुट्टीचा दिवस निघाला. भाच्याने काचेतून आत डोकावून पाहिलं, उगाच.

त्याऐवजी एलिझाबेथने बांधलेलं चर्च ऑफ द गुड शेफर्ड बघितलं, आणि दिवस सार्थकी लागला. आर्मरीच्या कामगारांसाठीच्या दारावर दगडात क्रूस कोरलेत. जवळ जाऊन बोट फिरवलं तेव्हा कळलं की नक्षी वेलबुट्टीची नाही. रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग आहेत ते. हा सिलिंडर, हा घोडा, ही नळी. देवळाच्या खांबावर यक्ष-किन्नर असावेत तसे. "तांबटांनी बांधलेल्या देवळात पातेली कोरल्यासारखं," मी म्हटलं. भाचा बराच वेळ चाप कुठे आहे ते शोधत होता.

कोल्ट १८६२ मध्ये वारला. त्याच्या कंपनीने सप्टेंबर १८६८ मध्ये, व्हाइटची मुदत सात महिन्यांवर आली असताना, आपल्या थूअर नावाच्या कारागिराची पद्धत काढली : निमुळतं काडतूस समोरून दाबून बसवायचं. घर पाडायला काढल्यावर त्याला रंग द्यावा तसं. मुदत संपल्यावर जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांची मागची बाजू कापून ती काडतुसाची केली, आणि १८७३ मध्ये सिंगल अ‍ॅक्शन आर्मी आलं, जे काऊबॉयच्या कमरेला सगळ्या जगाने पाहिलंय. त्यालाही रिकामी टोपणं दांडीने एकेकच काढावी लागतात. बिजागरीची नळी दुमडली की सगळी टोपणं एकदम उडवायची युक्ती होती, पण तिची पेटंटं तोवर स्मिथ अँड वेसनने गोळा केली होती. कोल्टची चौकट एकसंध राहिली, त्यामागे मजबुती हे कारण आहेच, हेही एक.

दिवस चौथा : न्यू हेवन आणि परत

न्यू हेवनला फारसं थांबलो नाही. हंटच्या रायफलीचा धागा इथे संपतो. स्मिथ आणि वेसनने १८५४ मध्ये तिच्यावरून एक पिस्तूल काढलं, त्याची व्हॉल्कॅनिक कंपनी झाली, ती डबघाईला आल्यावर ऑलिव्हर विंचेस्टर या शर्टवाल्याच्या हातात आली. शर्टवाला थट्टेने म्हणत नाही. त्याचं स्वतःचं पेटंट शर्ट बेतण्याच्या पद्धतीचं होतं. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्रीने १८६० मध्ये कडेच्या ठिणगीचं ०.४४ काडतूस आणि ते झाडणारी सोळा फैरींची रायफल केली. इथे सिलिंडरच नाही, काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात. त्यामुळे व्हाइटचं वाक्य तिला शिवलं नाही. मोठ्या नळीचं काडतूस युद्धात अमेरिकन रायफलीत दिसतं आणि अमेरिकन रिव्हॉल्व्हरमध्ये जवळजवळ दिसत नाही, ते यामुळे. विंचेस्टरच्या कारखान्यात आता फ्लॅट आहेत. एका खिडकीत तुळशीसारखं काहीतरी होतं, पण ती बेझिल असावी.

संध्याकाळी लोवेलला. घराजवळच्या कालव्यापाशी गाडी लावली तेव्हा भाच्याला सांगितलं की व्हाइट तुझ्याच गावात मेला, १८९२ मध्ये. त्याच्या नावाची शस्त्रकंपनी इथेच होती. स्मिथ अँड वेसनला पिस्तुलं पुरवायची. पुढे तिचं नाव लोवेल आर्म्स झालं, आणि तिने त्याच्याच पेटंटवर अतिक्रमण केलं. त्याने तिच्यावरही दावा लावला. भाच्याने फोनवर व्हाइटला शोधलं तर वाफेच्या मोटारींचा एक रोलिन व्हाइट निघाला. तो वेगळा.

१८६९ मध्ये मुदतवाढ नाकारली गेली. व्हाइट काँग्रेसकडे गेला, आपल्याला सगळ्यात कमी मिळालं म्हणून. फेरसुनावणीचं विधेयक मंजूर झालं. ११ जानेवारी १८७० रोजी अध्यक्ष ग्रँटने, म्हणजे युद्धातल्या उत्तरेच्या सरसेनापतीने, ते सहीविना परत पाठवलं. सोबत लष्कराच्या शस्त्रखात्याचा प्रमुख डायर याचं पत्र : या पेटंटापायी युद्धात सरकारची पुरेशी अडचण झालेली आहे. ग्रँटपेक्षा ते जास्त कुणाला ठाऊक असणार! व्हाइटला एकूण सुमारे ७१ हजार डॉलर रॉयल्टी मिळाली. पंचवीस सेंटने भागा, पावणेतीन लाखांवर पिस्तुलं. त्यातून वकील वजा करा.

घरात शिरलो तर भाचेसुनेने आप्पे घातले होते. बायको लोवेललाच राहिली होती. तिने विचारलं, "मग? दिसलं का भोक?"

मी काही बोलायच्या आत भाच्याने ओट्यावरचं आप्पेपात्र उचललं, उलटं करून दिव्याकडे धरलं. मध्ये एक, भोवती सहा.

"सात घरं आहेत," तो म्हणाला, "पण मागून बंद. मामा, हे कोल्टचं."

"ठेव ते खाली," भाचेसून म्हणाली, "तेल गळतंय."